रांजण जमेचा, भिंत खर्चाची : जुन्नर तालुक्यात तीन दिवस

आमच्या आप्पांनी जुन्नर शेकडो वेळा पाहिलंय, पण फक्त एसटी स्टँडापुरतं. कल्याण–जुन्नर मुक्कामी गाडीवर ते कंडक्टर होते. रात्री पोचायचं, कॅश मोजून थैलीत बांधायची, गाडीतच पथारी टाकायची आणि पहाटे उजाडायच्या आत परतीची डबल बेल. शिवनेरी खिडकीतून दिसायचा, तोही अंधारात. ‘‘एवढी वर्षं गेलात, एकदाही वर चढला नाहीत?’’ असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘‘मला कोण सोडणार? गाडी सहाची असायची.’’

तर या नोव्हेंबरात त्यांना घेऊन गेले. त्यांचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे कुरकुरतात, पण आकडे अजून पाठ आहेत. ही माहिती लिहितेय ती मुख्यतः घरातल्या मोठ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांसाठी. तरण्या ट्रेकरांना जीवधन आणि चावंड या किल्ल्यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील.

कल्याणहून मुरबाड, टोकावडे, माळशेज आणि मग जुन्नर हे अंतर साधारण १२० किलोमीटर. पुण्याहून येणाऱ्यांना नारायणगावमार्गे शंभराच्या आत पडतं. आम्ही सकाळी सहाला निघालो. माळशेज ऊन चढायच्या आत पार केलात तर बरं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी या घाटात गाडी घालू नका, धबधब्याखाली नाचणारे लोक आणि दरडी यांच्यामध्ये अडकून पडाल. नोव्हेंबरात घाट रिकामा होता. आप्पा पुढच्या सीटवर बसून प्रत्येक वळणाला ‘‘इथं फर्स्ट गिअर’’ असं सांगत होते. मी गेली पंधरा वर्षं गाडी चालवतेय, हे त्यांना मान्य नाही.

घाट चढून वर आलं की ओतूर लागतं. मांडवी नदीकाठचं कपर्दिकेश्वराचं देऊळ रस्त्यापासून फार आत नाही. श्रावणी सोमवारी इथे तांदळाच्या पिंडी रचतात, म्हणून तेव्हा तोबा गर्दी असते. एरवी शांत. तुकाराम महाराजांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधीही इथलीच. आम्ही अर्धा तास थांबलो, चहा घेतला आणि पुढे निघालो.

दुपारी लेण्याद्री केलं. ती चूक झाली. डोंगराची लेणी दक्षिणेला तोंड करून आहेत आणि पायऱ्या तीनशेच्या आसपास, म्हणजे दुपारचं ऊन सरळ अंगावर. तुम्ही सकाळी आठच्या आधी चढा. न चढवणाऱ्यांसाठी खाली डोलीवाले असतात, भाव आधी ठरवून घ्या. पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं. आप्पांनी ते हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं आणि नीट घडी करून वरच्या खिशात ठेवलं. ‘‘उतरेपर्यंत तिकीट जपावं,’’ हे त्यांचं लहानपणापासून ऐकलेलं वाक्य तेव्हा आलंच. पिशवी हातात उघडी ठेवू नका, माकडं नारळापासून औषधांच्या पाकिटापर्यंत सगळं पळवतात.

लेण्याद्रीला लोक गिरिजात्मजाच्या दर्शनाला येतात. अष्टविनायकांतला हा एकच गणपती डोंगरावरच्या लेण्यात आहे. ते लेणं म्हणजे सातव्या क्रमांकाचा बौद्ध विहार. भिक्खूंच्या राहण्याच्या वीस खोल्या आहेत, आणि मधल्या भल्यामोठ्या दालनात एकही खांब नाही. दर्शन घेऊन बहुतेक मंडळी तशीच खाली उतरतात. तसं करू नका. शेजारीच सहाव्या क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह आहे, आत स्तूप, खांबांच्या माथ्यावर हत्ती-सिंह कोरलेले. त्याच्या दारावर एका ओळीचा ब्राह्मी लेख आहे. तो सांगतो की हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा (सोनाराचा) मुलगा सुलसदत्त याने दान दिलं.

हे मी आप्पांना वाचून दाखवलं, म्हणजे घरून लिहून नेलेलं वाचलं. ते दोन पायऱ्या मागे आले. ‘‘कल्याणचा? आपल्या?’’

‘‘आपल्याच. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचा.’’

‘‘मग कुठल्या वाटेनं आला हा?’’

दुसऱ्या दिवशीच्या नाणेघाटाचं, म्हणजे कोकणातून वर येणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेचं, आप्पांना तोवर काही आकर्षण नव्हतं, ‘‘एक भोक बघायला तीस किलोमीटर’’ असं चाललं होतं. या प्रश्नानंतर मात्र सकाळी माझ्या आधी तयार होऊन बसले.

मुक्कामाचं एवढंच सांगते की फोटो बघून जागा ठरवू नका. आम्ही ठरवली होती ती खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला कठडा नाही, गरम पाणी म्हणजे सकाळी एक बादली. फोन करून ‘तळमजला आहे का, कमोड आहे का’ हे दोन प्रश्न विचारूनच पैसे भरा. जेवण मात्र जुन्नरात कुठेही चांगलं. मासवडी मागा. बेसनाच्या आवरणात तीळ, सुकं खोबरं, लसूण यांचं सारण आणि सोबत तिखटजाळ आमटी. नावावरून कोणी दचकू नका, ती शाकाहारी असते.

दुसरा दिवस नाणेघाटाचा. जुन्नरहून आपटाळे, चावंड, घाटघर असा पश्चिमेला रस्ता जातो आणि गाडी थेट घाटमाथ्यापर्यंत पोचते. पेट्रोल जुन्नरातच भरा. चावंडच्या पुढे मोबाइलला रेंज धरवत नाही, तेव्हा नकाशा आधी उतरवून घ्या आणि रोख पैसे जवळ ठेवा. वाटेत पूर गावाजवळ कुकडेश्वराचं जुनं कोरीव देऊळ आहे. कुकडी नदी या भागात उगम पावते. येताना थांबा, जाताना नको, कारण माथ्यावर दहाच्या आत पोचलेलं चांगलं.

माथ्यावर गाडीतून उतरलं की आधी वारा भेटतो. उजव्या हाताला नानाचा अंगठा नावाचा कडा, डावीकडे जीवधन आणि त्याला खेटून उभा वानरलिंगीचा सुळका. मध्ये डोंगर कापल्यासारखी अरुंद नाळ, तिच्यातून दगडी वाट खाली कोकणात उतरते. नाळेच्या तोंडाशीच अखंड दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून जकात घेत आणि ती नाणी या रांजणात टाकत, अशी परंपरेनं चालत आलेली गोष्ट. नाणेघाट हे नावही त्यावरूनच आलं म्हणतात.

रांजणाच्या काठावर हात ठेवून आप्पांनी आत डोकावून पाहिलं. आत पाणी आणि एक चिप्सचं पाकीट. ‘‘दिवसाला किती भरत असेल?’’ असं म्हणून त्यांनी मनातल्या मनात काही हिशोब सुरू केला.

गुहा नाळेतून थोडं खाली उतरलं की लागते. दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पण दगड उंचसखल आणि गुळगुळीत आहेत. मी आप्पांचा हात धरला आणि घाटघरच्या एका मुलाने दुसरा. असा एखादा स्थानिक मुलगा सोबत घ्या आणि त्याला मोकळ्या हाताने पैसे द्या. पावसाळ्यात म्हाताऱ्या माणसांना या नाळेत उतरवू नका, माथ्यावरून उलटा उडणारा धबधबा बघून परत फिरा.

गुहा चौकोनी, तीन बाजूंना दगडी बाक. हीच सातवाहन राणी नागनिकेची गुहा. डाव्या-उजव्या भिंतींवर लांबलचक ब्राह्मी लेख आहे, भाषा प्राकृत. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. त्यांची आता पावलंही धड उरली नाहीत, वर कोरलेली नावं मात्र राहिली : सिमुक सातवाहन, राणी नायनिका (हीच नागनिका) आणि राजा सिरी सातकणी, शिवाय राजकुमार आणि एक महारठी, म्हणजे बडा सरदार. इंग्रज अधिकारी विल्यम साईक्स १८२८ साली इथे आला आणि त्याने या लेखांकडे जगाचं लक्ष वेधलं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते अभ्यासले. शिलालेखाचा बराच भाग झिजलाय, लोकांनी आपली नावं कोरून जे केलंय ते वेगळंच.

लेखात आहे काय? राजाराणीने केलेले यज्ञ आणि प्रत्येक यज्ञाला दिलेली दक्षिणा. अश्वमेध, राजसूय आणि पुढे नावांची रांग, प्रत्येकापुढे आकडे. गायी १,७००, आणखी एका ठिकाणी गायी ११,०००, घोडे १,०००, कार्षापण नावाची नाणी २४,४००. हे आकडे अंकांत कोरलेत, अक्षरांत नाही. भारतात अंक लिहिण्याच्या इतिहासात या भिंतीला मान आहे तो त्यासाठी. २, ४, ६, ७, ९ ही चिन्हं इथे सापडतात. आजच्या अंकांच्या पूर्वजांतली ही मंडळी. शून्य आणि स्थानमूल्य मात्र नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हं आहेत, म्हणून २४,४०० लिहायचे तर वीस हजार, चार हजार आणि चारशे अशा खुणा शेजारी शेजारी मांडायच्या.

आप्पा बाकावर बसून ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘हे वेबिल आहे.’’

(ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : फेरीत कुठल्या टप्प्याला किती तिकिटं गेली, किती रक्कम आली हे कंडक्टर ज्या कागदावर भरतो तो वेबिल.)

‘‘पण अर्धंच आहे,’’ ते पुढे म्हणाले. ‘‘सगळी खर्चाची बाजू. एवढ्या गायी दिल्या, एवढे घोडे दिले. जमा कुठून झाली ते लिहिलंच नाही.’’ मग त्यांनी हाताने वर, नाळेच्या तोंडाकडे दाखवलं. ‘‘जमेची बाजू तिथं बाहेर ठेवलीय.’’

मी या घाटावर बरंच वाचून गेले होते. रांजण आणि भिंत एकाच जमाखर्चाची दोन पानं म्हणून बघायचं मला सुचलं नव्हतं. आणि एकदा तसं बघितलं की जुन्नर तालुक्याचा सगळा जुना इतिहास सरळ वाचता येतो. सोपारा, कल्याण या बंदरांवर उतरलेला माल बैलांच्या पाठीवर या नाळेतून वर यायचा आणि जुन्नरवरून पैठण, तेर या बाजारपेठांकडे जायचा. जुन्नर हे त्या वाटेवरचं पहिलं मोठं पठारी गाव. वर जकात, खाली वखारी. म्हणूनच सातवाहन आणि क्षत्रप (पश्चिमेकडचे शक राजे) या गावासाठी भांडले. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातल्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने मंडप आणि पाण्याची टाकी दिल्याचा वर्ष ४६ चा लेख आहे. म्हणजे तेव्हा घाट सातवाहनांच्या हातून निसटलेला होता.

आणि वाटेवर पैसा खेळू लागला की दानही आलंच. तालुक्यात २०० च्या वर लेणी खोदली गेली ती राजांच्या खजिन्यातून कमी, बाजारातून जास्त. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि टाकी दिली. एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या रकमांचा उल्लेख आहे. आजच्या भाषेत कायम ठेव म्हणा. अडुथुम नावाच्या शकाने जमिनीचं उत्पन्न करंज आणि वडाची झाडं लावण्यासाठी लावून दिलं होतं. तीन यवनही आहेत दात्यांच्या यादीत : इरिल, चिट आणि चंद. कुणी टाक्या दिल्या, कुणी भोजनमंडप. चिट आणि चंद ही नावं असलेले ग्रीक, हे मला फार आवडलं. इथे येऊन राहिलेल्या माणसांची नावं पोरं हाका मारताना आपोआप इथली होतात.

दुपारी घाटघरला एका घरी जेवलो. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, गरम भात. जाताना सांगून ठेवा, म्हणजे परतताना तयार मिळतं. हा महादेव कोळ्यांचा मुलूख. घरच्या मावशींनी आप्पांना विचारलं, ‘‘बाबा, रांजण पाह्यला का?’’ आणि उत्तराची वाट न बघता, ‘‘आमच्या दारात असता तर पाणी तरी भरलं असतं.’’ पावसाळ्यात इथे छत्री टिकत नाही आणि उन्हाळ्यात हंडे घेऊन लांब जावं लागतं, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा तिथलं पाणी जपून वापरा, पाय धुवायला मागू नका.

संध्याकाळी उजेड असेतो जुन्नरजवळ पाडळीची तुळजा लेणी केली. ही छोटी, पण अजिबात चुकवू नका. इथे एक गोल चैत्यगृह आहे, मध्ये स्तूप, भोवती बारा साधे अष्टकोनी खांब आणि वर घुमटासारखं छत. असं लेणं फारसं कुठे बघायला मिळत नाही. शेजारच्या लेण्यात तुळजाभवानी बसवली आहे, तिच्यावरून नाव. चढ थोडा आहे, आप्पा अर्ध्यावर बसले आणि मी एकटीच वर जाऊन आले.

अंधार पडायच्या आत मात्र खाली या. जुन्नर हा बिबट्यांचा तालुका आहे. धरणांनी पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसात बिबट्याची पिल्लं जन्माला येऊ लागली. इथले लोक त्याला सरळ ‘वाघ’ म्हणतात. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे ते याच कारणाने. पर्यटकांनी घाबरून जायचं कारण नाही, पण तिन्हीसांजेनंतर उसाच्या कडेने चालत फिरू नका आणि लहान मुलाला गाडीबाहेर एकटं सोडू नका. लघवीला आडोसा शोधत उसात शिरणाऱ्या पुरुषमंडळींना हे विशेष करून सांगते.

तिसऱ्या दिवशी शिवनेरी. आप्पा पांढरा शर्ट घालून आले. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवाजी महाराजांचा जन्म इथे झाला, हे मी मराठी वाचकांना सांगायला नको. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांत शिवनेरीही आहे. सात दरवाजांची वाट पायऱ्यांची आणि सोपी आहे, साखळीच्या वाटेला म्हाताऱ्यांना नेऊ नका. मोठ्या माणसांना दीड-दोन तास लागतात. दर दरवाजापाशी बसायला सावली आहे. शिवजयंतीच्या आसपास लेणी बघायच्या बेताने येऊ नका, गाडी लावायलाही जागा मिळणार नाही.

किल्ल्याच्या कड्यातही लेणी आहेत आणि गंगा-जमुना टाक्यांचं पाणी नोव्हेंबरात आरशासारखं होतं. वरून कुकडीचं खोरं, पलीकडे लेण्याद्री, खाली जुन्नर असं सगळं एका नजरेत बसतं. आप्पांनी आधी स्टँड कुठे ते शोधलं.

मला तिथे एक विरोधाभास नेहमी टोचतो. जिथे जन्म झाला तो किल्ला महाराजांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. जुन्नर शहर मात्र त्यांनी १६५७ साली लुटलं, तेव्हा ते मोगलांकडे होतं आणि तिथे लुटण्यासारखं पुष्कळ होतं. त्याच्या आधी १४९० साली मलिक अहमदने निजामशाहीची सुरुवात इथूनच केली, मग राजधानी अहमदनगरला नेली. १६७५ साली मुंबईहून जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून आला तोही कल्याण, मुरबाड करतच. आप्पांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, ‘‘घोड्यावर का डोलीत?’’

किल्ल्यावर, मानमोडीला आणि लेण्याद्रीलाही कड्याकपारीत आग्यामोहोळं लटकलेली असतात. अत्तर लावू नका, धूर करू नका, आरडाओरडा आणि ड्रोन तर नाहीच. मधमाश्या उठल्या तर पळायला जागा नसते. मानमोडीला आम्ही फक्त पायथ्याशी गेलो. तिथे भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग असे तीन गट आहेत, वाट झुडपांतली आहे, पूर्ण बाही, बूट आणि माहीतगार माणूस हवा.

उरलेलं भराभर सांगते. ज्यांच्याकडे चौथा दिवस आहे त्यांनी नारायणगावकडे जावं. हंगामात टोमॅटोचा बाजार बघण्यासारखा. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव, पाडव्याच्या आसपास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, काही तिथेच, बाकी दूरवर तीन फांद्यांत पसरलेल्या. परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, पण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं. शाळकरी मुलं असतील तर तोच दिवस धरा. आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. कुकडीकाठच्या बोरीला नदीच्या काठात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आणि त्यासोबत अश्मयुगीन दगडी हत्यारं. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, तिच्या वयावरून अभ्यासकांमध्ये बरीच वादावादी झाली. तिथे आपल्यासारख्याला नदीकाठची पांढुरकी माती दिसते एवढंच. ती उकरून पिशवीत भरू नका.

येताना पुन्हा माळशेज उतरलो. घाटाखाली वैशाखरे आलं तेव्हा आप्पा म्हणाले, ‘‘थांबव जरा.’’ नाणेघाटाची पायवाट इथून वर जाते, चांगल्या चालीला दोन-अडीच तास. ते गाडीतून उतरले, कमरेवर हात ठेवून नानाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. सॅकवाली तीन पोरं रस्ता ओलांडून कल्याणची गाडी धरायला आली होती.

‘‘इथं विनंती थांबा होता,’’ आप्पा म्हणाले. ‘‘पावसाळ्यात अशीच पोरं उतरायची, चिखलात जायची. वर काय आहे म्हणून मी कधी विचारलं नाही. सुटे आहेत का, एवढंच विचारायचो.’’